के-रास जी-१२-सी: ज्याला औषध नाही म्हणत होते त्याला औषध मिळालं कसं, आणि ते थकतं का

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी जीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिच्या काकांना फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार) झाला आहे आणि एनजीएस रिपोर्टमध्ये, म्हणजे गाठीच्या जनुकांच्या तपासणीत, ‘के-रास जी-१२-सी’ हे उत्परिवर्तन (रास कुळातल्या के-रास जनुकात झालेला बदल) आलं आहे. पाठ्यपुस्तकात ‘रासवर औषध करता येत नाही’ असं वाचलेलं, आणि इकडे डॉक्टर गोळीबद्दल बोलताहेत. मग गोळी निघाली कशी? ती काही महिन्यांनी काम करेनाशी का होते? आणि हेच उत्परिवर्तन मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असेल तर तीच गोळी एकटी का पुरत नाही?

मी पेशींतल्या संदेशवहनावर काम करते आणि रुग्णांचे असे रिपोर्ट जिथे चर्चेला येतात त्या मॉलिक्युलर ट्यूमर बोर्डात बसते. तिन्ही प्रश्नांची मुळं एकाच गोष्टीत आहेत असं मला वाटतं: जी-१२-सी झालेला के-रास कायमचा ‘चालू’ अवस्थेत अडकलेला नसतो. तो चालू-बंद होत राहतो. औषधाला आत शिरायला वाट मिळाली ती त्यामुळे, आणि पेशी औषधाच्या हातून निसटते तीही त्यामुळेच. आपल्या वर्गांत हे अजूनही नीट शिकवलं जात नाही, म्हणून जरा सावकाश सांगते.

रास हे नावच उंदरातल्या सार्कोमा या कर्करोगावरून आलं. १९६४ मध्ये जेनिफर हार्वी आणि १९६७ मध्ये वेर्नर कर्स्टन यांनी उंदरांत गाठी उठवणारे विषाणू शोधले. एच-रास आणि के-रास यांतली अक्षरं त्या दोघांची. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतून यातलंच एच-रास जनुक बाहेर आलं, आणि निरोगी जनुकाशी ताडून पाहिल्यावर फरक निघाला तो फक्त एका अक्षराचा. त्या एका अक्षरामुळे प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं होतं. कर्करोगाचं कारण एका अक्षराइतकं लहान असू शकतं हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. तुमच्या काकांच्या रिपोर्टमधला १२ म्हणजे तीच बारावी जागा. तिथे त्यांच्या गाठीत ग्लायसिनच्या (खूण जी) जागी सिस्टीन (खूण सी) आलं आहे. फुप्फुसात हा बदल बहुतेकदा धूम्रपान केलेल्यांत दिसतो, कारण डीएनएमधल्या जी अक्षराचं टी होणं ही तंबाखूच्या धुराची डीएनएवरची ओळखीची खूण आहे आणि जी-१२-सी घडतो तो नेमका त्याच बदलाने.

आता यंत्रणा. रास हे जेमतेम १८८-१८९ अमिनो आम्लांचं प्रथिन, पेशीच्या आवरणाला आतल्या बाजूने चिकटलेलं. जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू धरला की ते चालू, त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी झालं की बंद. बाहेरून वाढीचा संदेश आला, समजा ईजीएफआर या ग्राहीवर, की ‘सॉस’ नावाचं प्रथिन रासमधला जीडीपी काढून टाकायला मदत करतं. पेशीत जीटीपी भरपूर असतो, त्यामुळे रिकाम्या जागेत जीटीपीच येऊन बसतो. चालू झालेला रास पुढे राफ या प्रथिनाला, राफ मेकला आणि मेक अर्कला जागं करतो. अर्क केंद्रकात जाऊन विभाजनाची जनुकं चालू करतो. दुसरी एक शाखा पीआय-३-कायनेजकडे जाते.

बंद होण्याची बाजू जास्त महत्त्वाची आहे. रास स्वतः जीटीपी तोडू शकतो, पण फार सावकाश. जीएपी गटातली प्रथिनं, त्यांतलं एक एनएफ-१, आपलं एक आर्जिनिन रासच्या खोबणीत सरकवतात आणि तोडणी कित्येक पटींनी वेगात होते. बाराव्या जागेवर ग्लायसिन असतं तेव्हाच त्या आर्जिनिनला शिरायला जागा मिळते, कारण ग्लायसिनची बाजूची शाखा म्हणजे नुसता हायड्रोजन. तिथे दुसरं जवळपास कोणतंही अमिनो आम्ल आलं की वाट अडते.

तळाला भोक पडलेल्या बादलीत वरून नळाचं पाणी पडतंय असं समजा. बादलीतल्या पाण्याची पातळी म्हणजे चालू रासचं प्रमाण. नळ म्हणजे सॉस, भोक म्हणजे जीटीपीची तोडणी. उत्परिवर्तनाने भोक लहान होतं, म्हणून पातळी चढते. पण भोक बुजलं की नुसतं अरुंद झालं, हा प्रश्न साधा नाही, आणि संशोधनाची कितीतरी वर्षं या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेली. ‘उत्परिवर्तित रास कायम चालू’ असं सगळे धरून चालले. ते सगळ्या उत्परिवर्तनांना सारखं लागू नाही. जी-१२-सी मध्ये जीएपीची मदत जवळजवळ तुटते, पण रासची स्वतःची जीटीपी तोडण्याची ताकद निरोगी रासइतकीच राहते. जी-१२-आर मध्ये तीही बरीच घटते. रिपोर्टमधलं शेवटचं अक्षर म्हणूनच इतकं महत्त्वाचं. सी, डी, व्ही, आर ही एकाच आजाराची टोपणनावं नाहीत.

मग इतकी वर्षं औषध का नव्हतं? पहिलं कारण रसायनशास्त्राचं. कायनेज प्रथिनं (दुसऱ्यांना फॉस्फेट चिकटवणारी) एटीपी या ऊर्जेच्या रेणूला तशी सैल धरतात, म्हणून एटीपीच्या जागेवर चढाओढ करणारा रेणू बनवता येतो. २००१ मध्ये मंजूर झालेलं इमॅटिनिब हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. रास जीटीपीला पिकोमोलर पातळीच्या, म्हणजे अत्यंत घट्ट, ताकदीने धरतो, आणि पेशीत जीटीपीचं प्रमाण त्याच्या कित्येक कोटी पट असतं. त्या जागेसाठी चढाओढ करणं निरर्थक होतं. दुसरं कारण आकाराचं. रासच्या पृष्ठभागावर रेणू अडकवायला खोल खळगाच दिसत नव्हता. मग लोकांनी आडवाट धरली: रासला आवरणाशी चिकटवणारी फार्नेसिल नावाची चरबीची शेपटीच लावू द्यायची नाही. तशी औषधं बनली, माणसांवर चाचण्या झाल्या आणि के-रासच्या कर्करोगांत फसल्या, कारण के-रासला फार्नेसिल मिळालं नाही तर पेशी त्याला दुसरी, जेरानिलजेरानिल शेपटी लावते. (त्यांतल्या लोनाफार्निबला २०२० मध्ये भलतीकडेच मंजुरी मिळाली. लहान मुलांना अकाली म्हातारपण आणणाऱ्या प्रोजेरियात ते वापरतात, कारण तिथलं सदोष प्रथिन त्या फार्नेसिल शेपटीवरच अवलंबून असतं. वाया गेलेलं काम कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही.)

वळण आलं २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेतून. त्यांनी जीटीपीच्या जागेचा नाद सोडला आणि सिस्टीनकडे पाहिलं. सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि त्याच्याशी कायमचा सहसंयुज बंध जोडता येतो. निरोगी रासच्या बाराव्या जागी सिस्टीन नसतं, म्हणजे त्या बंधाला तिथे पकडायला काही नाही. त्यांनी ४८० छोटे रेणू या सिस्टीनला चिकटतात का ते तपासलं. चिकटलेल्यांतले काही स्विच-दोन या भागाखाली जाऊन बसले. तिथे आधीच्या कुठल्याही स्फटिकरचनेत न दिसलेला एक खळगा निघाला. रेणू आल्यावरच तो उघडतो. मला आजही या कामाचं सगळ्यात मोठं मोल यात वाटतं: प्रथिनाचा स्थिर फोटो पाहून ‘इथे जागा नाही’ असं ठरवणं चूक होतं. प्रथिन हलतं, आणि काही जागा हलतानाच तयार होतात.

पण एक अडचण होती. हा खळगा जीडीपी धरलेल्या, म्हणजे बंद रासमध्येच मिळतो. उत्परिवर्तित रास कायम चालू असेल तर बंद अवस्थेत चिकटणाऱ्या औषधाचा उपयोग काय, ही शंका रास्त होती. २०१६ मध्ये दोन गटांनी एआरएस-८५३ हा रेणू वापरून त्याचं उत्तर दिलं. पेशींच्या आत जी-१२-सी रास सतत फेरे घेत असतो. जीटीपी तोडतो, बंद होतो, सॉसच्या मदतीने पुन्हा चालू होतो. प्रत्येक फेरीत तो क्षणभर बंद अवस्थेत येतो आणि औषध तिथे त्याला गाठून कायमचं धरतं. भोक अरुंद होतं, बुजलेलं नव्हतं. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: ईजीएफआर रोखला, म्हणजे नळ बारीक केला, तर औषध जास्त वेगाने काम करतं, आणि वाढीचा संदेश देऊन नळ सोडला तर औषधाचा जोर ओसरतो. पुढे रुग्णांत जे घडलं त्याची बहुतेक कल्पना या एका निरीक्षणात होती. पुढे २०२१ मध्ये आरजीएस-३ नावाचं प्रथिन उत्परिवर्तित के-रासलाही जीटीपी तोडायला मदत करतं असं दिसलं, तेव्हा हे भोक नेमकं कशाने उघडं राहतं तेही थोडं कळलं.

२८ मे २०२१ रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने सोटोरासिब या गोळीला त्वरित मंजुरी दिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच जातीचं अडाग्रासिब आलं. सोटोरासिबच्या मंजुरीमागच्या चाचणीत, आधी उपचार घेतलेल्या फुप्फुसाच्या रुग्णांपैकी ३७ टक्क्यांच्या गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आकसल्या आणि आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ६.८ महिने होता. ज्या आजाराला इतकी वर्षं थेट औषध नव्हतं तिथे हे मोठंच होतं. पण डोसेटॅक्सेल या जुन्या केमोथेरपीशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा आजार वाढेपर्यंतच्या काळात ५.६ महिने विरुद्ध ४.५ महिने असा फरक निघाला आणि एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. त्रास कमी, गोळी घरी घेता येते, गाठ जास्त जणांत आकसते. हे फायदे खरे आहेत. काकांशी बोलताना दोन्ही बाजू सांगा.

आता, ही गोळी थकते का. पेशी स्वतःच्या अर्कची पातळी सतत मोजत असते. अर्क चढला की तो वरच्या दुव्यांवर ब्रेक लावतो: सॉसला फॉस्फेट चिकटवून त्याचं काम मंद करतो, स्प्राउटी आणि डस्प गटातली प्रथिनं तयार करवतो. कर्करोगाच्या पेशीत अर्क चढलेलाच असतो, म्हणून हे ब्रेकही घट्ट दाबलेले असतात. औषधाने के-रास बंद पाडला, अर्क उतरला, की ब्रेक सुटतात. नळ मोठा होतो. शेजारचे निरोगी एच-रास आणि एन-रास चालू होतात, त्यांना औषध शिवतही नाही. नव्याने तयार होणारा के-रास जी-१२-सी लगेच जीटीपी धरतो आणि औषध गाठण्याआधीच चालू होतो. २०२० मध्ये एकेकट्या पेशींवर केलेल्या अभ्यासात हे फार स्पष्ट दिसलं: औषध दिल्यावर बहुतेक पेशी शांत झाल्या, पण काही पेशींनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच नवा के-रास बनवून विभाजन पुन्हा सुरू केलं. यात नवं उत्परिवर्तन झालेलं नव्हतं. पेशीने फक्त स्वतःची पातळी सावरली होती. सोटोरासिबचा रक्तातला अर्धकाळ (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे पाचच तास आहे. एकदा चिकटलं की ते सुटत नाही, म्हणून तेवढं चालतं, पण नंतर बनणाऱ्या रासला गाठायला त्या वेळी रक्तात औषध हवं. डोस चुकवू नका असं डॉक्टर कळकळीने सांगतात त्यामागे हेही कारण आहे.

मोठ्या आतड्याचा प्रश्न इथेच सुटतो. आतड्याच्या अस्तरातून आलेल्या पेशींत ईजीएफआर जोरकस असतो. ब्रेक सुटले की ईजीएफआर सॉसला इतक्या जोराने ढकलतो की गोळी मागे पडते. सोटोरासिब एकटं दिलं तेव्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फक्त ९.७ टक्के रुग्णांत गाठ आकसली. ईजीएफआर रोखणारं पॅनिटुमुमॅब जोडल्यावर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत हा आकडा २६ टक्क्यांवर गेला आणि आजार वाढेपर्यंतचा काळ नेहमीच्या उपचारातल्या २.२ महिन्यांवरून ५.६ महिने झाला. अडाग्रासिब आणि सेटक्सिमॅब (हेही ईजीएफआर रोखतं) या जोडीला जून २०२४ मध्ये आणि सोटोरासिब-पॅनिटुमुमॅबला जानेवारी २०२५ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली ती याच तर्कावर.

हा धडा आधीही मिळाला होता. बीराफ या राफ कुळातल्या प्रथिनाच्या व्ही-६००-ई उत्परिवर्तनावरचं व्हेम्युराफेनिब हे औषध त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांना लागू पडलं आणि मोठ्या आतड्यात जेमतेम काहींना. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने कारण दाखवलं: आतड्याच्या पेशींत ईजीएफआर उसळी घेतो, मेलानोमात तो नगण्य असतो. एक विरोधाभास लक्षात घ्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात के-रास उत्परिवर्तन असेल तर सेटक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब देऊ नये, कारण ईजीएफआर रोखून उपयोग होत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो आणि तो नियम आजही बरोबर आहे. पण के-रासलाच औषधाने धरलं की तेच औषध पुन्हा कामाला येतं. रुग्णाच्या नातेवाइकांना हे उलटसुलट वाटतं, म्हणून फाइलवर सविस्तर लिहून द्यावं.

काही महिन्यांनी दिसणारा प्रतिकार याच्या पुढची पायरी आहे. २०२१ मध्ये अडाग्रासिबवर आजार परतलेल्या ३८ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १७ जणांत काहीतरी कारण सापडलं, आणि ७ जणांत एकाहून अधिक कारणं एकाच वेळी होती. कुणात के-रासमध्येच जी-१२-डी किंवा जी-१२-व्हीसारखं दुसरं उत्परिवर्तन, कुणात त्याच जनुकाच्या जादा प्रती, कुणात मेट, बीराफ, एन-रास या दुसऱ्या जनुकांतून निघालेला बाजूचा रस्ता. औषधाच्या खळग्याच्या काठावरच्या जागाही बदललेल्या दिसल्या. त्यांतला एक तपशील उपयोगाचा आहे: ९५ व्या जागेचं हिस्टिडीन बदललं तर अडाग्रासिब निकामी होतं पण सोटोरासिब प्रयोगशाळेत काम करत राहतं, ९६ व्या जागेचं टायरोसिन बदललं तर दोन्ही जातात. ज्यांच्यात जनुकीय कारण सापडलंच नाही त्यांच्यात पातळी सावरण्याची वरची यंत्रणा आणि पेशीचं रूपांतर यांचा वाटा असावा असं मला वाटतं.

पुढची औषधं या तर्कावर उभी आहेत. डिव्हारासिब या जी-१२-सीवरच्या नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत फुप्फुसाच्या ६० रुग्णांपैकी ५३ टक्क्यांत गाठ आकसली आणि आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ १३.१ महिने निघाला. आकडा सुखावणारा आहे, पण संख्या लहान आणि तुलनेचा गट नाही, तेव्हा निष्कर्ष काढायला थांबावं. मला जास्त वेगळी वाटते ती चालू रासला धरणारी रीत. डॅराक्सॉनरासिब या औषधाचा रेणू आधी पेशीतल्या सायक्लोफिलिन-ए या प्रथिनाला चिकटतो, मग ती जोडी जीटीपी धरलेल्या रासवर जाऊन बसते आणि राफची वाट अडवते. रासला खळगा नाही ना, मग दुसऱ्या प्रथिनाची भिंत उसनी घेऊन खळगा तयार करायचा. बंद अवस्थेची वाट पाहावी लागत नाही, आणि बारावी जागा सी आहे की डी याने फारसा फरक पडत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात दहातल्या नऊ गाठींत के-रास बदललेला असतो, त्यात जी-१२-सी अगदी थोडा आणि जी-१२-डी सगळ्यात जास्त. म्हणून या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी तिथे हाती घेतली गेली. किंमत अशी की निरोगी रासही रोखला जातो, त्यामुळे अंगावर पुरळ आणि तोंड येणं हे त्रास होतात.

काकांच्या बाबतीत डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेही लिहिते. उपचार त्यांनीच ठरवायचे आहेत, पण या गोष्टी धावपळीत सुटतात. पहिली: रिपोर्टमध्ये के-रासबरोबर एसटीके-११ आणि कीप-१ यांची नोंद आहे का ते पाहा, ही जनुकं बिघडलेली असतील तर आजाराची चाल वेगळी असते. दुसरी: काका ॲसिडिटीची गोळी घेतात का? पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या गोळ्यांनी सोटोरासिब पोटातून नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे ही गोळी घरोघरी रोज सकाळी घेतली जाते आणि ‘कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारल्यावर कुणी तिचं नावही घेत नाही. तिसरी: आधी इम्युनोथेरपी झाली असेल तर ती कधी संपली ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्यानंतर लवकरच सोटोरासिब सुरू केलं तर यकृतावर ताण येण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे, म्हणून यकृताच्या तपासण्या वेळच्या वेळी व्हायला हव्यात.

आणि पुढे कधी स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली तर जुन्या ब्लॉकवरच्या (आधीच्या बायोप्सीत काढून जपलेल्या तुकड्यावरच्या) रिपोर्टवर विसंबून पुढचं औषध ठरवू नका. नवी बायोप्सी शक्य असेल तर ती, नसेल तर रक्तावरची लिक्विड बायोप्सी करता येईल का ते विचारा. जुना ब्लॉक औषध सुरू होण्याआधीचा असतो, त्यामुळे ९६ वी जागा बदलली आहे, मेटच्या प्रती वाढल्या आहेत की काहीच नवं नाही, हे त्यात दिसणार नाही. आणि या तीन शक्यतांत पुढचा उपचार, किंवा कोणत्या चाचणीसाठी नाव द्यायचं, हे तीन वेगळ्या दिशांना जातं.